इम्प्लांट जागेवरच आहे, सरकलाय तो पुढचा दात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५२. पाच वर्षांपूर्वी खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ काढावी लागली आणि तिच्या जागी इम्प्लांट (हाडात बसवलेलं टायटॅनियमचं कृत्रिम मूळ आणि त्यावर कॅप, म्हणजे दाताच्या आकाराचं टोपण) बसवलं. चार वर्षं काहीच त्रास नव्हता. गेले सहा-आठ महिने मात्र जेवण झालं की इम्प्लांट आणि त्याच्या पुढची छोटी दाढ यांच्यामध्ये हमखास काहीतरी अडकतं. आरशात बारीक फट दिसते, ती आधी नव्हती. डॉक्टर म्हणाले, ‘असं होतंच.’ तर इम्प्लांट हललं आहे का, काम चुकलं आहे का, सगळं काढून पुन्हा करावं लागेल का? आणि डाव्या बाजूलाही इम्प्लांट करायचं ठरत होतं, ते आता करावं की नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. इम्प्लांट हललेलं असण्याची शक्यता फार कमी आहे. खरं सांगायचं तर ते हलत नाही हीच अडचण आहे. हललाय तो शेजारचा दात.

आपला स्वतःचा दात हाडात थेट रुतलेला नसतो. मुळाभोवती साधारण पाव मिलिमीटर जाडीचं तंतूंचं अस्तर असतं आणि दात त्या अस्तरात टांगल्यासारखा असतो. चावताना तो २५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली दबतो आणि परत वर येतो. ब्रेसेस लावून दात सरकवता येतात तेही या अस्तरामुळेच. इम्प्लांटला हे अस्तर नसतं. टायटॅनियमवर हाड थेट चिकटतं. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळकांडी प्रयोग संपल्यावर काढायला गेले तर निघेनात, हाडाशी एकजीव झाली होती. तिथून हा सगळा व्यवसाय सुरू झाला, आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असं इम्प्लांट बसलं. म्हणजे न हलणं हा इम्प्लांटचा पहिला गुण. ब्रेसेसवाले डॉक्टर कधीकधी त्याचा नांगरासारखा उपयोग करतात: इम्प्लांटला तार बांधायची, इम्प्लांट ढिम्म हलत नाही आणि बाकीचे दात त्याच्याकडे ओढले जातात.

उरलेले दात मात्र जन्मभर चालत असतात, आणि चालतात ते पुढच्या दिशेने, म्हणजे ओठांकडे. मोठ्या दाढा किंचित पुढे झुकलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक घासाच्या दाबातला थोडा भाग त्यांना पुढे रेटतो. शिवाय हाडाच्या कडेवरून एका दाताला दुसऱ्याशी बांधणारे तंतू असतात, ते दातांना एकमेकांजवळ ओढून धरतात. आणि दातांच्या बाजू एकमेकींवर घासून झिजतात. तरुण वयात दोन दातांचा स्पर्श टाचणीच्या डोक्याएवढ्या बिंदूत असतो, साठीच्या माणसाच्या दातावर त्याच जागी सपाट, चकाकणारा चट्टा दिसतो. एवढी झीज झाल्यावर सगळ्या दातांमध्ये फटी पडायला हव्यात. पडत नाहीत, कारण मागचे दात पुढे सरकून झीज भरून काढतात.

आता या रांगेत मधोमध एक खांब पुरला आहे असं धरा. रांग पुढे सरकते आहे. खांबाच्या मागचा माणूस येऊन खांबाला टेकतो आणि तिथेच अडतो. खांबाच्या पुढचा माणूस मात्र पुढे निघून जातो, कारण त्याला मागून धरून ठेवणारं कुणी नाही. दाताला दाताशी बांधणारे ते तंतू इम्प्लांटला घट्ट चिकटतच नाहीत. तुमच्या तोंडात खांबाच्या पुढचा माणूस म्हणजे ती छोटी दाढ. म्हणून फट पुढच्या बाजूला आहे, आणि मागच्या दाढेशी असलेला स्पर्श पहिल्यासारखाच घट्ट, कदाचित जास्तच घट्ट लागेल. फ्लॉस, म्हणजे दातांमध्ये घालायचा धागा, घालून पाहा, फरक हाताला कळेल.

हे किती जणांना होतं? प्रकाशित अभ्यासांचा आढावा घेतला तर नैसर्गिक दाताशेजारच्या इम्प्लांटमध्ये ३४ ते ६६ टक्के ठिकाणी कॉन्टॅक्ट, म्हणजे शेजारच्या दाताशी असलेला स्पर्श, सुटलेला आढळतो, काही ठिकाणी तर कॅप बसवल्यावर ३ महिन्यांतच. तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं ‘असं होतंच’ हे वाक्य खोटं नाही. माझी हरकत आहे ती त्या वाक्यानंतर थांबण्याला. होतं हे मान्य, पण त्याचं पुढे काय करायचं हेही सांगायला हवं. आणि ते होईल हे कॅप बसवण्याआधी सांगायला हवं होतं. (मीही सुरुवातीची बरीच वर्षं सांगत नव्हतो. तेव्हा मलाच त्याचं महत्त्व कळलेलं नव्हतं.)

दात फक्त पुढेच सरकतात असं नाही, ते आयुष्यभर थोडेथोडे बाहेरही येत राहतात. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला समोरच्या दाताचं इम्प्लांट केलं तर दहा-पंधरा वर्षांनी तो एकच दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड आणि वर चढलेला दिसू शकतो. कारण तेच, खांब जागेवर आणि रांग चाललेली. तुमचा प्रश्न दाढेचा आहे, म्हणून यात जास्त शिरत नाही.

तुम्ही माझ्याकडे आलात तर मी काय बघेन ते सांगतो. दाताजवळची प्रत्येक फट एकाच जातीची नसते, आणि उपाय जातीप्रमाणे बदलतो.

पहिलं काम फ्लॉसचं. वरून फ्लॉस घालताना ‘टक्’ होऊन अडकून खाली गेला तर कॉन्टॅक्ट शाबूत आहे. अलगद, लोण्यातून सुरी जावी तसा गेला तर सुटलेला आहे. नंतर मी धातूची पातळ पट्टी घालतो. ५० मायक्रॉनची, म्हणजे बारीक केसाच्या जाडीची पट्टी कुठेही न अडखळता आरपार गेली तर कॉन्टॅक्ट सुटला असं मी धरतो. ही तपासणी मी खुर्ची सरळ करून, पेशंटला ताठ बसवून करतो. आडवं झाल्यावर दातांमधला स्पर्श थोडा सैल पडतो, त्यामुळे झोपवून तपासलं तर नसलेली फट सापडू शकते.

फ्लॉस टक् करून जातो आणि तरीही अन्न अडकतं, असंही पुष्कळदा असतं. तेव्हा फट वर नसते, खाली हिरडीजवळ असते. दाढेची मान रुंद आणि इम्प्लांट साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाडीचं, त्यामुळे कॅप खाली निमुळती होते आणि हिरडीपाशी तिकोनी पोकळी राहते. तिथे अन्न वरून ठेचलं जात नाही, गालाच्या किंवा जिभेच्या बाजूने सरकत आत जातं. ही पोकळी बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासूनची असते, फक्त हिरडी थोडी खाली गेली की जाणवायला लागते. तिच्यावर कॉन्टॅक्ट बांधून काही उपयोग नाही, तिथे ब्रशच लागतो. तुम्ही लिहिलं आहे की आधी नव्हती आणि आता वरून दिसते, म्हणून तुमची फट वरची, कॉन्टॅक्टची वाटते.

तिसरी गोष्ट, कॅप हलते का. दोन बोटांत धरून हलकेच हलवून पाहतो. हलली तर बहुतेक वेळा आतला स्क्रू सैल झालेला असतो, इम्प्लांट नव्हे. हे लवकर ओळखावं लागतं. सैल स्क्रूवर महिनोनमहिने चावत राहिलात तर स्क्रू मोडतो, आणि मोडलेला तुकडा इम्प्लांटच्या आतून काढणं हे डॉक्टरच्या संयमाची परीक्षा पाहणारं काम आहे. खरोखर इम्प्लांटच हलत असेल तर त्याची हाडाशी पकड सुटलेली असते. तो वेगळा विषय, आणि तिथे इम्प्लांट काढण्यावाचून मार्ग नसतो. पण त्याची सुरुवात फटीने होत नाही.

मग छोटी दाढ बघायची. ती हलते का, तिच्याभोवती हिरडीचा आजार आहे का, तिच्या बाजूचं जुनं फिलिंग तुटलं आहे का, तिच्या पुढचा एखादा दात काढलेला आहे का. पुढे रिकामी जागा असेल तर दात मोकळाच सुटतो. आणि वरच्या जबड्यातल्या दाताचं टोक बरोबर या फटीवर येतं का, तेही निळा कागद चावायला देऊन बघतो. असं टोक प्रत्येक घासाला पाचरीसारखं काम करतं: अन्न आत ठोकतं आणि दोन्ही दात बाजूला सारतं. ते टोक थोडं गोल करणं हा पाच मिनिटांचा उपाय आहे, आणि कधीकधी तेवढ्याने अर्धा त्रास जातो.

शेवटी एक्स-रे. नवा तर हवाच, पण माझं जास्त लक्ष जुन्याकडे असतं. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे तुमच्या डॉक्टरांकडे असेल तर मागून घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की स्पर्श तेव्हा होता का, हाडाची पातळी तेवढीच आहे का आणि छोट्या दाढेच्या मुळाशी कीड लागली आहे का, या तिन्ही गोष्टी कळतात.

या तिसऱ्या गोष्टीपाशी जरा थांबतो, कारण माझ्या मते या फटीतला खरा धोका इथे आहे. लोक इम्प्लांटची काळजी करत येतात. टायटॅनियमला आणि कॅपला कीड लागत नाही. त्याभोवतीची हिरडी सुजते, पुढे हाड झिजू शकतं, ते खरंच आहे. पण फटीच्या पलीकडे तुमचा जिवंत दात उभा आहे, आणि अन्न तासन्‌तास दाबून राहतं ते त्याच्या मुळाला लागून, जिथे इनॅमल, म्हणजे दाताचं टणक आवरण, नसतं. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. इम्प्लांट उत्तम, हाड उत्तम, शेजारची फट तीन वर्षं जुनी. ते रोज टूथपिकने कोरायचे आणि म्हणायचे, सवय झालीय. छोट्या दाढेला थंड लागायला लागलं म्हणून आले. एक्स-रेमध्ये हिरडीच्या खाली मुळाला अर्धचंद्रासारखी काळी खाच होती, आणि ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली. रूट कॅनल करून वाचवायचा प्रयत्न केला, पण कीड इतकी खाली होती की वर्षभरात दात गेला. एका दाताच्या जागी बसवलेल्या इम्प्लांटशेजारी दुसरं इम्प्लांट बसवावं लागलं, ते केवळ एका फटीकडे काणाडोळा केल्यामुळे.

आता उपाय. इथे एका प्रश्नावर जवळपास सगळं अवलंबून आहे: तुमची कॅप स्क्रूने बसवलेली आहे की सिमेंटने? डॉक्टरांना विचारा, किंवा आरशात बघा. दाढेच्या मधोमध दातापेक्षा वेगळ्या रंगाचा गोल ठिपका दिसला तर ती बहुधा स्क्रूची.

स्क्रूची असेल तर नशीबवान आहात. तो ठिपका म्हणजे फिलिंग. ते काढायचं, खालची टेफ्लॉनची पट्टी उचलायची, स्क्रू उलटा फिरवायचा की कॅप हातात येते. कॅपच्या पुढच्या बाजूला, जिथे स्पर्श असायला हवा तिथे, लॅबमध्ये सिरॅमिकचा थर चढवून भट्टीत भाजतात. घाई असेल तर काही कॅपवर खुर्चीतच काँपोझिटने (दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या मसाल्याने) थर देता येतो, फक्त तो सिरॅमिकपेक्षा लवकर झिजतो. परत बसवताना मी स्क्रू नवा वापरतो आणि कंपनीने सांगितलेल्या ताकदीने घट्ट करतो, अनेक सिस्टिममध्ये ती ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर असते. मोह होतो की स्पर्श जरा जास्तच घट्ट करावा, म्हणजे पुन्हा सुटणार नाही. तो मोह आवरावा लागतो. फार घट्ट कॉन्टॅक्ट कॅपला नीट खाली बसू देत नाही, कॅप तिरपी अडकते आणि काही महिन्यांनी स्क्रू सैल होऊन पेशंट परत येतो.

सिमेंटची असेल तर काम किचकट. कच्च्या सिमेंटवर असेल तर ठोकून निघू शकते. पक्कं सिमेंट असेल तर कॅपला बरोबर स्क्रूच्या जागी वरून भोक पाडून ती काढावी लागते, आणि ती जागा चुकली तर कॅप गेली असं धरायचं. मग नवी कॅप. जुन्या काळी मीही सिमेंटच्या कॅप बसवल्यात आणि त्यातल्या काही स्वतःच कापून काढल्यात. ती तासाभराची ड्रिलिंग माझ्या चांगली लक्षात आहे. हल्ली जमेल तिथे स्क्रूच.

कॅपला हात न लावताही फट बुजवता येते, शेजारच्या दाताकडून. छोट्या दाढेला त्या बाजूला आधीच फिलिंग असेल किंवा कीड लागली असेल, तर ते फिलिंग नव्याने करताना बाजू थोडी फुगवून स्पर्श परत आणायचा. हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त मार्ग. पण तो दात अगदी निरोगी असेल तर केवळ फट बुजवायला त्याला कोरणं मला पटत नाही. खराब होऊ शकणारी बाजू वाचवण्यासाठी चांगली बाजू खराब करायची, हा कुठला हिशोब?

काहीच न करणं हाही एक मार्ग आहे, आणि तो आळशीपणाचा आहे असं समजू नका. फट आहे पण अन्न अडकत नाही, हिरडी गुलाबी आहे, रक्त येत नाही, तर मी फक्त सहा महिन्यांनी बघतो. आणखी एक गोष्ट ऐकायला उलटी वाटेल: रुंद फटीपेक्षा अरुंद फट जास्त त्रास देते. अरुंद फटीत तंतू घुसतो आणि अडकतो, रुंद फटीतून जिभेने किंवा पाण्याने निघून जातो. म्हणून आज कमी दिसते म्हणजे कमी धोक्याची, असं गणित मांडू नका.

जो मार्ग घ्याल तो घ्या, दात पुढेही चालतच राहणार आहेत. बुजवलेली फट काही वर्षांनी पुन्हा पडू शकते. रात्री दात खाणाऱ्या काही पेशंटना मी झोपताना घालायची पारदर्शक पट्टी देतो, ती दात थोडे जागच्या जागी धरून ठेवते. पण घालायला कंटाळणाऱ्याला तिचा काय उपयोग.

फट बुजेपर्यंत, किंवा बुजवायचीच नसेल तर कायम, रोज रात्री इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दोन दातांच्या मधे घालायचा बारीक ब्रश, वापरा. तार प्लॅस्टिकने मढवलेली असावी, उघडी धातूची नको. माप असं निवडा की ब्रश आत जाताना केस जरा दाबले जातील पण तार घासणार नाही. गालाच्या बाजूने घाला आणि जिभेच्या बाजूनेही, कारण एका बाजूने घातलेला ब्रश दुसऱ्या कडेचा कोपरा सोडून देतो. फ्लॉस चालतो, पण इम्प्लांटच्या खडबडीत भागाला अडकून त्याचे धागे तुटून हिरडीत राहिले तर तीच सूज वाढवतात, म्हणून ओढताना तो कुसकरला जात असेल तर तो सोडून ब्रशवर या. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र असेल तर उत्तम, पण ब्रशच्या जोडीला, ब्रशऐवजी नव्हे. सुई, पिन, काडी यांना हात लावू नका. टूथपिक रोज एकाच जागी घातली की हिरडी खाली जाते, आणि मग वरच्या फटीला खालची फट येऊन मिळते.

थांबू नये अशी लक्षणं वेगळी सांगतो: कॅप हलणं, हिरडी दाबल्यावर पू येणं, चावताना दुखणं, छोट्या दाढेला थंड किंवा गोड लागणं. यातलं एकही असेल तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

काम चुकलं का, हा प्रश्न राहिला. चार वर्षं स्पर्श नीट होता आणि मग सुटला, तर बहुधा नाही. हा दोष कुणाच्या हाताचा नसून दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू शेजारी ठेवल्याचा आहे. पहिल्या दिवसापासून अन्न अडकत असतं, किंवा त्या दिवशीच्या एक्स-रेमध्येच फट दिसत असती, तर मी वेगळं बोललो असतो. तसंच शेजारच्या दाताला मोडकं फिलिंग असताना ते तसंच ठेवून त्याला टेकवून कॅप बनवली असती, तर तेही मी कामाची चूकच म्हटलं असतं.

डावीकडचं इम्प्लांट करा. फटीच्या भीतीने दात न बसवणं महागात पडतं. रिकाम्या जागेकडे मागची दाढ कलंडते आणि वरची खाली उतरते, त्यापुढे ही फट किरकोळ आहे. फक्त या वेळी काही गोष्टी आधी ठरवून घ्या. कॅप स्क्रूची हवी, म्हणजे पुढे कधी काढून दुरुस्त करता येईल. पुढच्या दाताचं फिलिंग जुनं असेल तर ते कॅपचं माप घेण्याआधी बदलून घ्यायचं. स्पर्श बिंदूएवढा नको, वरपासून खालपर्यंत थोडा पसरट हवा, हे डॉक्टरांना लॅबला लिहून कळवायला सांगा. आणि कॅप बसेल त्याच दिवशी एक एक्स-रे काढून त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. उजवीकडच्या इम्प्लांटचा तसा एक्स-रे तुमच्याकडे असता तर वरच्या अर्ध्याअधिक शंका तुम्ही घरीच सोडवल्या असत्या.